आमदारांच्या दारात बायका जातात, तेव्हा काय घडते?

प्रश्न : आमच्या तालुक्यात बचत गटांच्या मेळाव्याला एका संस्थेच्या ताई आल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘‘आम्ही आमदार-खासदारांकडे पाठपुरावा केला, म्हणून हा कायदा झाला.’’ मला नवल वाटले. कायदे तर सरकार करते, मग संस्थेचा त्यात काय संबंध? आमदार त्यांचे का ऐकतात? ‘लॉबिंग’ म्हणतात ते हेच का, आणि वशिल्यापेक्षा ते वेगळे कसे? आमच्यासारख्या बायकांना ते जमेल का?
— एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत. त्याच क्रमाने उत्तरे देते.

संस्थेचा संबंध काय?

कायदा मंजूर करण्याचा अधिकार विधिमंडळाला आणि संसदेला आहे, दुसऱ्या कोणालाही नाही. पण अमुक गोष्टीसाठी कायदा हवा हे सभागृहाला आपोआप कळत नाही. दवाखान्यात, शेतात, सासरच्या घरात बाईवर काय बेतते ते तिथे वावरणाऱ्यांना आधी दिसते. ते पाहायचे, लिहून काढायचे, त्यावर उपाय सुचवायचा आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांच्यापुढे तो ठेवायचा, हे काम संस्था-संघटना करतात. मराठीत त्याला ‘पाठपुरावा’ हा चांगला शब्द आहे. इंग्रजीतून आलेला ‘लॉबिंग’ हा शब्द या कामापुरता त्याच अर्थाचा.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला शिक्षिका तयार करा आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. स्त्रियांना मताचा अधिकार नसतानाच्या काळातली ही गोष्ट आहे. आपल्या मतावर निवडून येणारा एकही प्रतिनिधी नसताना त्या बोलल्या. आपल्याकडे आज मत आहे.

आमदार का ऐकतात?

याचे उत्तर नुसत्या तत्त्वाने देण्यापेक्षा महाराष्ट्रात घडलेल्या एका गोष्टीवरून देते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या राज्याने १९८८ मध्ये केला. तो कसा झाला ते पाहू.

गर्भजलपरीक्षा आपल्याकडे १९७० च्या दशकात आली ती गर्भातले आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी. त्यातून मुलगा की मुलगी हेही कळते हे ध्यानात आल्यावर तिचा भलताच वापर सुरू झाला. केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानाला बंदी घातली, पण खासगी दवाखान्यांना ती लागू नव्हती. तिथे हा धंदा वाढत गेला. आज थोडे पैसे खर्चा म्हणजे उद्याचा हुंडा वाचेल, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे झळकत होत्या.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट सेक्स डिटरमिनेशन अँड सेक्स प्रीसिलेक्शन’ हा मंच उभा राहिला. विभूती पटेल, रवींद्र रु. पं. यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते. स्त्री संघटना, आरोग्यावर काम करणारे गट, विज्ञान चळवळीतली माणसे आणि काही डॉक्टर एकत्र आले. त्यांनी सभा घेतल्या, दवाखान्यांसमोर निदर्शने केली, लेकींना घेऊन आईबापांचे मोर्चे काढले. वर्तमानपत्रांत लेख आले, लोक बोलू लागले.

त्या काळात एक पाहणी झाली आणि तिने बरेच काही बदलले. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारले, तेव्हा ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करत असल्याचे आढळले. शंभरात चौऱ्याऐंशी. तोवर सरकारला ‘हे प्रकार तुरळक आहेत’ असे म्हणता येत होते. या आकड्यानंतर ते म्हणणे टिकेना.

मंचाचे कार्यकर्ते आमदारांना भेटत होते, मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांपुढे कागद ठेवत होते. विधानसभेत मृणाल गोरे यांनी हा विषय लावून धरला. आरोग्य सचिव डी. टी. जोसेफ यांनी प्रशासनातून त्याला साथ दिली. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना विधिमंडळाने कायदा मंजूर केला आणि १० मे १९८८ पासून तो लागू झाला.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आमदारांनी ऐकले, कारण त्यांच्यापुढे तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे नाकारता येणार नाही असा पुरावा. दुसरी म्हणजे नेमकी मागणी. ‘स्त्रियांवरचा अन्याय थांबवा’ एवढेच म्हटले तर आमदार मान डोलावतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. ‘खासगी दवाखान्यांतल्या लिंगनिदानावर बंदी घाला’ म्हटले की त्याला हो किंवा नाही म्हणावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे बाहेर उभी असलेली माणसे. सभागृहात बोलणाऱ्या आमदाराला आपल्यामागे लोक आहेत हे दिसावे लागते.

आणखी एक साधे कारण आहे. आमदाराला शेकडो विषय सांभाळायचे असतात. एखाद्या विषयाची खात्रीची माहिती, आधीच्या कायद्यातली त्रुटी आणि विचारायच्या प्रश्नाचा मसुदा जो नीट हातात देतो, त्याची त्याला मदतच होते. सभागृहात गाजलेल्या पुष्कळ तारांकित प्रश्नांच्या आणि लक्षवेधी सूचनांच्या मागे अशा कोणीतरी रात्री जागून तयार केलेली टिपणे असतात.

कायदा झाला की काम संपते का?

तुम्ही हे विचारलेले नाही, पण सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही.

१९८८ च्या कायद्यात मंचाला हवे होते ते सगळे आले नाही. खासगी केंद्रांना परवाना घेऊन काम चालू ठेवण्याची मुभा राहिली. तपासणी करून घेणाऱ्या बाईलाही शिक्षेच्या कक्षेत आणले गेले. सामान्य नागरिकाला थेट न्यायालयात तक्रार नेणे अवघड करून ठेवले होते. आणि राज्याचा कायदा राज्यापुरता, तपासणी मात्र सीमेपलीकडे जाऊन करता येत होती. म्हणून मागणी दिल्लीकडे वळली. संसदेने १९९४ मध्ये केंद्रीय कायदा केला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो अमलात आला.

अमलात आला म्हणावे तर अंमलबजावणीच होईना. मग सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातल्या दोन संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने ४ मे २००१ रोजी केंद्राला आणि राज्यांना कायदा राबवण्याचे स्पष्ट आदेश दिले. त्यानंतर २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. तपासणी झालेल्या बाईला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले असावे, असे आता कायदा गृहीत धरतो. तसे नव्हते हे दुसऱ्या बाजूला सिद्ध करावे लागते. १९८८ च्या कायद्यात बाईकडे ज्या नजरेने पाहिले होते तिच्यात हा मोठा बदल आहे. कायदा राबवणाऱ्या राज्य पातळीवरच्या समुचित प्राधिकरणात स्त्री संघटनांच्या प्रतिनिधीला जागाही या दुरुस्तीने दिली. ज्या बायका पंधरा वर्षांपूर्वी निवेदन घेऊन बाहेर उभ्या होत्या, त्यांच्यासाठी आत खुर्ची आली.

तरीही आकडे काय सांगतात? महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ च्या जनगणनेत हा आकडा ८०७ होता. पहिला कायदा करणाऱ्या राज्यात हे घडले. यातून ‘कायद्याने काही होत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढतात. मी काढत नाही. साताऱ्याच्या दलित महिला विकास मंडळाने आणि ॲड. वर्षा देशपांडे यांनी गरोदर स्त्रियांच्या मदतीने सापळे रचून लिंगनिदान करणारे डॉक्टर पकडून दिले, ते या कायद्याच्या बळावरच. कायदा नसता तर पकडायचे कशासाठी? कायदा हातात आल्यावर तो वापरायला माणसे लागतात, आणि ती माणसेही बहुतेक वेळा त्याच संघटनांमधून येतात.

मसुद्यातला एक शब्द

पाठपुराव्यातले सर्वांत किचकट आणि सर्वांत मोलाचे काम मसुदा वाचण्याचे असते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची गोष्ट त्यासाठी ऐकण्यासारखी आहे.

केंद्र सरकारने ८ मार्च २००२ रोजी, म्हणजे महिला दिनीच, या विषयावर लोकसभेत विधेयक मांडले. स्त्री संघटनांनी आनंद मानावा असाच तो दिवस. पण इंदिरा जयसिंग यांची ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ आणि इतर संघटनांनी मसुदा वाचला आणि त्या हादरल्या. नवरा ‘सवयीने’ मारहाण करत असेल तरच ती हिंसा धरायची, अशा अर्थाचा शब्द व्याख्येत होता. म्हणजे एकदा डोके फोडले तर काय? किती वेळा मार खाल्ला म्हणजे सवय सिद्ध होते? स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी मारले, असे म्हणण्याची पळवाटही पुरुषाला ठेवली होती. आणि बाईला ज्या घरात ती राहते त्या घरात राहण्याचा हक्क त्यात नव्हता. तक्रार केली की रात्री घराबाहेर, हीच तर तिची सर्वांत मोठी भीती.

संघटनांनी देशभर चर्चा घडवल्या, खासदारांना गाठले, संसदेच्या स्थायी समितीपुढे बाजू मांडली. २००४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने ते विधेयक बारगळले. नव्या सरकारने २००५ मध्ये आणलेल्या विधेयकात ‘सवयीने’ ही अट नव्हती, ती पळवाट नव्हती आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क होता. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो कायदा लागू आहे. आज एखादी बाई संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन ‘मला माझ्या घरातून काढू नका’ असा आदेश मागू शकते, कारण काही जणींनी तो मसुदा ओळ न् ओळ वाचला होता.

बायकांच्या नावाने आलेला प्रत्येक कायदा बायकांच्या हिताचा असतोच असे नाही, हेही यातून दिसते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये स्त्रियांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारे शक्ती विधेयक मांडले गेले तेव्हा फाशीच्या तरतुदीला अनेक स्त्री संघटनांनीच विरोध केला. शिक्षा मृत्यूची असेल तर तक्रार दाबण्याचा दबाव वाढेल आणि पीडितेच्याच जिवाला धोका होईल, असे त्यांचे म्हणणे होते. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. कायद्याला पाठिंबा देणे हा पाठपुरावा आहे, तसेच वेळीच ‘थांबा’ म्हणणे हाही.

वशिला आणि पाठपुरावा

तुमची ही शंका रास्त आहे. दोन्हीकडे कोणीतरी सत्तेतल्या माणसाला भेटतो, काहीतरी मागतो. मग फरक कुठे?

वशिला एका माणसाच्या कामासाठी असतो आणि तो दार बंद करून चालतो. पाठपुरावा सगळ्यांना लागू होणाऱ्या नियमासाठी असतो आणि त्यातला प्रत्येक कागद चारचौघांत वाचून दाखवता आला पाहिजे. आमदाराला दिलेले निवेदन गावच्या चावडीवर लावायला लाज वाटत असेल, तर तो वशिला समजावा.

कायद्याच्या बाजूने म्हणाल तर भारतात लॉबिंगसाठी वेगळा कायदा नाही. बोलण्याचे, शांततेने जमण्याचे आणि संघटना करण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या कलम १९ ने नागरिकांना दिले आहे. त्याच आधारावर निवेदने, शिष्टमंडळे, मोर्चे उभे राहतात. नव्या कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असे केंद्र सरकारचे २०१४ पासूनचे धोरणही आहे. ते नेहमी पाळले जात नाही, पण ते दाखवून आग्रह धरता येतो.

संस्थांनी मर्यादाही पाळायच्या असतात. लोकप्रतिनिधीला पैसा किंवा भेटवस्तू देऊन काम करून घेणे हा सरळ भ्रष्टाचार आहे. परदेशी देणगीवर चालणाऱ्या संस्थेला पक्षीय राजकारणात उतरता येत नाही. मात्र एखाद्या सार्वजनिक प्रश्नासाठी आंदोलन केले म्हणून संस्था राजकीय ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये इन्साफ या संघटनेच्या खटल्यात स्पष्ट केले. जिने कायद्याचा मसुदा वाचला ती संस्था आणि जिने पाकीट दिले ती कंपनी, यांना एकाच शब्दात बसवणे अन्यायाचे आहे.

आमच्यासारख्यांना जमेल का?

जमेल. तुमच्याच जिल्ह्यातले उदाहरण देते. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी विधवांच्या अवमानकारक प्रथा बंद करण्याची मोहीम चालवली. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे गावानेच ठराव करून थांबवावे, असा त्यांचा आग्रह होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये तसा ठराव केला. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने हेरवाडचा आदर्श सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवणारे परिपत्रक काढले. एका तालुक्याच्या संस्थेची कल्पना दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गावाच्या ठरावातून मंत्रालयापर्यंत गेली.

बीडच्या ऊसतोड बायकांचेही तसेच. गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची चर्चा फार दिवस होती. २०१९ मध्ये विषय विधान परिषदेत आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यात पाहणी झाली. ८२,३०९ महिला ऊसतोड कामगारांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. ‘आमच्याकडे बऱ्याच जणींचे असे झाले’ हे वाक्य आणि हा आकडा यांत किती अंतर आहे पाहा. ते अंतर कापले ते घरोघर जाऊन विचारणाऱ्या माणसांनी.

तुमच्या गटाने सुरुवात करायची तर अशी करा. एकच प्रश्न निवडा. तो किती जणींचा आहे ते घरोघर जाऊन वहीत लिहा. जिची हकिकत लिहाल तिची परवानगी घ्या आणि नाव उघड करू नका. मग महिला सभेत विषय मांडा. ग्रामसभेच्या नियमित बैठकीआधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. कित्येक गावांत ती कागदोपत्री उरकली जाते. तुम्ही ती खरी भरवा. तिथला ठराव ग्रामसभेत न्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

ठराव हाती आला की आमदारांकडे जा. एकटीने जाऊ नका, पाच-सात जणी जा. निवेदन एका पानाचे ठेवा : प्रश्न काय, किती जणींचा, आधी कोणाला सांगितले, आता नेमके काय हवे. अधिवेशनाच्या काही आठवडे आधी जा, म्हणजे प्रश्न द्यायला त्यांना वेळ मिळेल. मुंबईत अर्थसंकल्पी आणि पावसाळी, नागपुरात हिवाळी, ही अधिवेशने लक्षात ठेवा. फक्त सत्ताधाऱ्यांकडे जाऊ नका. सभागृहात सरकारला उत्तर द्यायला लावणे हे विरोधकांचेही काम आहे. अधिवेशन संपल्यावर पुन्हा जाऊन विचारा : प्रश्न दिला होता का? उत्तर काय आले?

वेळ लागेल, हे आधीच सांगते. संसदेत आणि विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा द्याव्यात हे विधेयक पहिल्यांदा १९९६ मध्ये मांडले गेले. ते मंजूर व्हायला २०२३ उजाडले. सत्तावीस वर्षे. ज्यांनी सुरुवात केली त्यांतल्या कम्युनिस्ट खासदार गीता मुखर्जी यांना तो दिवस पाहता आला नाही. त्या पहिल्या विधेयकावरच्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. तरी त्यांचा कागद पुढच्यांच्या हाती राहिला.

म्हणून शेवटची विनंती छोटीशी आहे, ताई, पण विसरू नका. निवेदनाच्या दोन प्रती न्या. एक द्या, आणि दुसरीवर तारीख, शिक्का आणि सही घेऊन ती पोच गटाच्या फायलीत जपून ठेवा. पुढच्या वेळी तुम्ही गेलात किंवा तुमच्यानंतर तुमची सून गेली, तरी बोलणे तिथून पुढे सुरू करता येईल.